हॉलची मापं आहेत, माणसांची कुठे आहेत?

पत्राचा सारांश: आम्ही पिंपरी-चिंचवडमध्ये दोन बेडरूमचा फ्लॅट घेतला. बारा मजल्यांच्या इमारतीत पाचवा मजला, हॉल १० बाय १५ फूट, पश्चिमेला बाल्कनी. घरात चौघं. मी ३९ वर्षांची, सकाळी साडेपाचला उठून डबे करून नोकरीला जाते. नवरा अमेरिकेतल्या कंपनीसाठी रात्री ९ ते ५ घरून काम करतो आणि दिवसा झोपतो. सासूबाई ७१ वर्षांच्या, गुडघ्यांचा त्रास. मुलगा १२ वर्षांचा, त्याला धुळीची ॲलर्जी. सजावटीसाठी ७ लाख बाजूला काढलेत. डिझायनरने चित्रं दिली आहेत: फॉल्स सीलिंग, ९ फुटी टीव्ही युनिट, एल आकाराचा सोफा, चकचकीत लॅमिनेट. सासूबाईंना त्यांची शिसवी आरामखुर्ची हॉलमध्येच हवी आहे. डिझायनर म्हणतो, थीम बिघडेल. पंधरा वर्षं भाड्याच्या घरांत काढली, खिळा ठोकायचा तरी मालकाला विचारावं लागे. आता तरी घर देखणं हवं. पण सगळ्यांच्या सोयी बघत बसलो तर घर दवाखान्यासारखं दिसेल, अशी भीती वाटते. आठ दिवसांत ॲडव्हान्स द्यायचा आहे. काय करू?

नमस्कार,

हौसेबद्दल अपराधी वाटून घेऊ नका. पंधरा वर्षं खिळ्यालाही परवानगी मागितल्यावर स्वतःच्या भिंतीवर मनासारखा रंग हवासा वाटणारच. मात्र तुम्ही पाठवलेल्या चित्रांत एक गंमत आहे. त्यांत माणूस एकच दिसतो: सोफ्यावर पाय दुमडून मासिक वाचणारी एक सडपातळ बाई. ती तुमच्या फ्लॅटमध्ये राहणार नाही. जे राहणार आहेत त्यांची मापं कोणी घेतलेलीच नाहीत.

सोफ्यापासूनच बघू. त्याची लांब बाजू १५ फुटी भिंतीला आणि आडवी बाजू ६ फूट खोलीत आलेली. हॉलची रुंदी १० फूट, म्हणजे १२० इंच. त्यातून सोफ्याचे ७२ गेले, समोरच्या टीव्ही युनिटच्या खोलीचे १८ गेले. उरले ३० इंच. बाल्कनीतून स्वयंपाकघराकडे जायची वाट तीच. भिंतीचा आधार घेत चालणाऱ्या माणसाला निदान ३ फूट मोकळी वाट लागते, आणि हाताशी भिंत लागते. इथे एका हाताला सोफ्याची कड आणि दुसऱ्या हाताला टीव्ही.

हे कागदावर पटत नसेल तर या रविवारी रिकाम्या फ्लॅटमध्ये खडू, मोजपट्टी आणि जुनी वर्तमानपत्रं घेऊन जा. सोफा, सेंटर टेबल, युनिट सगळं जमिनीवर खडूने खऱ्या मापात आखा. युनिटच्या जागी वर्तमानपत्रं पसरा. मग हातात चहाचा ट्रे घेऊन बाल्कनीपासून ओट्यापर्यंत चाला. सासूबाईंनाही चालवा. कपाटांची दारं उघडतात तेवढी कमानही आखा. बहुतेक चुका याच अर्ध्या तासात सापडतात, आणि तेव्हा त्या फुकट दुरुस्त होतात. एलऐवजी तीन माणसांचा सरळ सोफा आणि दोन हलवता येतील अशा खुर्च्या घेतल्या, तर बसायला तेवढीच माणसं मावतात आणि वाट मोकळी राहते.

आता बसण्याची उंची. शोरूममधले नव्या धाटणीचे सोफे जमिनीपासून १५-१६ इंच उंच आणि आत २२ ते २४ इंच खोल असतात. मऊ फोम बसल्यावर आणखी दोन-तीन इंच दबतो. गुडघे कंबरेपेक्षा वर गेले की उठताना सगळा जोर गुडघ्यांवर येतो. सासूबाईंना एका पक्क्या खुर्चीवर बसवून गुडघ्याच्या मागच्या घडीपासून जमिनीपर्यंत माप घ्या, घरात सपाता घालत असतील तर सपातांसह. त्यात दोन इंच मिळवा. साधारण १७-१८ इंच येईल. ही माणूस बसल्यावरची उंची आहे, रिकाम्या सोफ्याची नाही. सीटला ४० डेन्सिटीचा फोम मागा, ३२ चा लवकर बसतो. सीटची खोली २० इंचांच्या वर नको. हात टेकायला दोन्ही बाजूंना घट्ट दांडे हवेत, सीटपासून ८-९ इंच वर. उठताना माणूस त्यांवरच रेटा देतो, म्हणून गोल गुबगुबीत हात इथे कामाचे नाहीत.

याच मापाने शिसवी आरामखुर्ची मोजली तर तीही नापास होईल, हे आधीच सांगून ठेवते. तिची पुढची कड १६ इंचांवर असली तरी वेताची बैठक मागे उतरत जाते. माणूस खोलात जातो आणि उठायला कोणीतरी हात द्यावा लागतो. म्हणून खुर्ची टाकायची नाही, सुधारायची. सुताराकडून चारही पायांखाली दोन-दोन इंचांचे लाकडी गुटके बसवून घ्या. गुटक्याला वरून खाच हवी, म्हणजे पाय आत बसतो, सरकत नाही. वेत सैल झाला असेल तर नव्याने विणून घ्या. बैठकीवर मागे जाड, पुढे पातळ अशी घट्ट फोमची उतरती गादी टाकली की उतार निम्मा होतो. आणि ती हॉलमध्येच राहू द्या. सासूबाईंना खुर्चीइतकीच तिची जागाही हवी आहे: कोण आलं, कोण गेलं, नातू केव्हा परतला हे दिसेल अशी. बेडरूममध्ये ठेवलेल्या खुर्चीवर लवकरच कपड्यांच्या घड्या बसतात. थीमचा प्रश्न सोपा आहे. शिसवी रंगाचा एक धागा हॉलमध्ये आणखी दोन ठिकाणी आला, टीव्हीखालच्या फळीला आणि एखाद्या फोटोच्या चौकटीला, की खुर्ची परकी दिसत नाही.

पुढचं थोडं अवघड आहे. अटॅच्ड बाथरूमची मोठी बेडरूम तुम्हा दोघांना आणि लहान खोली सासूबाई व नातवाला, असं तुम्ही गृहीत धरलंय. बहुतेक घरांत तसंच असतं. पण रात्री दोनदा उठून पॅसेजमधून बाथरूमला कोण जाणार? अटॅच्ड बाथरूम तिला द्यावी जिला अंधारात कमीत कमी पावलं चालायला हवीत. तुमच्या नकाशात मोठ्या खोलीची भिंत हॉलच्या टीव्हीला लागून आहे, लहान खोली आत आहे. दिवसा झोपणाऱ्याला आतली खोली परवडते. तेव्हा अदलाबदलीचा विचार करा. नवरा-बायकोला लहान खोली कशी, असं नातेवाईक म्हणतील. त्यांना म्हणू द्या.

यजमानांच्या झोपेसाठी पडद्यात कंजुषी नको. ब्लॅकआऊट कापड लावूनही खोलीत उजेड येतो तो कडांनी. पडद्याची दांडी खिडकीपेक्षा दोन्ही बाजूंना ६-८ इंच जास्त आणि चौकटीच्या ४-६ इंच वर घ्या. पडद्याच्या शेवटच्या चुण्या वळवून भिंतीला टेकवा. वरून उजेड गळतो त्यासाठी पेल्मेट, म्हणजे दांडी झाकणारी पट्टी. कापड खिडकीच्या रुंदीच्या दुप्पट लागतं, त्यात काटकसर केली की मधोमध फट पडते. दाराच्या खालच्या फटीला ब्रशची पट्टी लावली तर कुकरच्या शिट्टीचा आवाजही थोडा कमी होतो. ब्लॅकआऊट अस्तर वेगळं काढून धुता येईल असं शिवून घ्या. मुलाच्या ॲलर्जीमुळे पडदे दर महिन्याला धुवावे लागतील.

आणि त्यांचं रात्रीचं टेबल? चित्रात ते तुमच्या बेडरूममध्ये, पलंगापासून तीन फुटांवर आहे. म्हणजे रात्रभर स्क्रीनचा उजेड, कीबोर्डचा आवाज, फोनवरचं बोलणं, आणि साडेपाचला तुमचा गजर. पत्रात तुम्ही नवऱ्याची झोप, सासूबाईंचे गुडघे, मुलाची धूळ सगळं लिहिलंत. स्वतःच्या झोपेबद्दल एक ओळ नाही.

टेबल हॉलमध्ये आणा. ९ फुटी टीव्ही युनिटमधले साडेचार फूट टीव्हीला पुरतात. उरलेल्या साडेचार फुटांत २ फूट खोल, २९ इंच उंच टेबल बसतं. संध्याकाळी ६ ते ९ मुलगा, ९ नंतर बाबा. मुलाचे पाय टेकत नाहीत तोवर खाली ६ इंची पाटासारखी पायरी. खुर्ची मात्र एकच, उंची वरखाली होणारी. खण दोघांचे वेगळे आणि कुलपाचे, नाहीतर रोज चार्जरवरून भांडणं. टेबलाजवळ चार प्लग पॉइंट आणि इंटरनेटची वायर आत्ताच भिंतीतून ओढून घ्या. रंग झाल्यावर भिंत फोडणं नको.

फॉल्स सीलिंग घालू का, असं तुम्ही विचारलंत. माझं मत: तुमच्या हॉलला नको. स्लॅबपर्यंतची उंची साडेनऊ फुटांच्या आत आहे. सीलिंग ६-८ इंच खाली येतं. पंख्याच्या पात्यांना वर मोकळी हवा न मिळाल्यास पंखा नुसता घरघरतो, त्यामुळे पाती नव्या छतापासून निदान १० इंच खाली आणावी लागतात. सगळं धरून पाती जेमतेम आठ फुटांवर येतात आणि खोली बुटकी वाटू लागते. सर्वांत वरच्या मजल्यावर राहत असतात तर स्लॅबची उष्णता अडवायला त्याचा उपयोग झाला असता. पाचव्या मजल्यावर नाही. ज्या उजेडासाठी हा घाट घातलाय तो दुसरीकडून मिळतो.

साठी ओलांडलेल्या डोळ्यांच्या आतल्या पडद्यापर्यंत विशीतल्या डोळ्यांच्या साधारण एक तृतीयांश उजेड पोचतो. तुमच्या चित्रातल्या, छताच्या कडेत लपवलेल्या पिवळसर कोव्ह लाईटमध्ये सासूबाईंना तांदळातला खडा दिसणार नाही. तुमच्या हॉलला ढोबळ हिशेबाने ४००० ल्यूमेन (उजेडाचं माप) लागतात. २० वॉटची एलईडी ट्यूब सुमारे २००० देते, म्हणजे समोरासमोरच्या भिंतींवर दोन ट्यूब आल्या. ६५०० केल्विनचा निळसर पांढरा उजेड टाळा. दवाखान्याची कळा येते ती बऱ्याचदा त्यानेच. ४००० केल्विनचा घ्या. शिवाय आरामखुर्चीच्या मागे खांद्याच्या उंचीवर ९ वॉटचा झाकलेला दिवा, आणि संध्याकाळसाठी ३००० केल्विनचे दोन कोपऱ्यातले दिवे. स्पॉटलाईट पलंगाच्या किंवा आरामखुर्चीच्या थेट वर कधीच नकोत. मान मागे टेकली की ते डोळ्यांत घुसतात. ट्यूब, कोपऱ्यातले दिवे आणि पंखा यांची बटणं वेगवेगळी ठेवायला वायरमनला बजावा. सासूबाईंच्या खोलीत दाराशी आणि पलंगाशी असं दोन्हीकडून चालणारं टू-वे बटण, आणि बाथरूमच्या वाटेवर जमिनीपासून फूटभर उंच, माणूस आला की लागणारा मंद दिवा.

पश्चिमेच्या उन्हाचं काय करायचं ते चित्रात कुठेच नाही. एप्रिल-मेमध्ये दुपारी तीनपासून मावळेपर्यंत ऊन सरळ हॉलमध्ये येईल. आतल्या पडद्याने डोळ्यांवरचं ऊन जातं, उष्णता नाही, कारण तोपर्यंत ती काचेतून आत आलेली असते. ऊन काचेच्या बाहेर अडवायचं. बाल्कनीच्या आतल्या बाजूला, सरकत्या दारापुढे बांबूची चिक टांगली की काम होतं, आणि ती कठड्याच्या आत असल्यामुळे सोसायटी सहसा हरकत घेत नाही. तरी सेक्रेटरींच्या कानावर घाला. पावसाळ्यात चिक गुंडाळून वर बांधा, नाहीतर बुरशी धरते.

बाथरूम. तुमची दवाखान्याची भीती इथे असणार. आधाराचे दांडे आता काळ्या, पितळी रंगांतही मिळतात आणि टॉवेलच्या दांडीसारखेच दिसतात. उलट धोका टॉवेलच्या दांडीचा. तोल जाताना हात तिलाच धरतो आणि ती दोन स्क्रूंसकट निघून येते. म्हणून तिच्या जागीही वजन पेलणारा दांडाच लावा. जाडी ३२ ते ३५ मिलिमीटर, भिंतीपासून दीड इंच सुटा. उंची पुस्तकातली नको: सासूबाईंना कमोडवर बसवा, हात जिथे आपसूक टेकतो तिथे पेन्सिलीची खूण करा. एक तिथे आडवा, एक शॉवरजवळ उभा. नव्या इमारतींच्या भिंती बऱ्याचदा हलक्या ब्लॉकच्या असतात. ड्रिल मारल्यावर लाल किंवा सिमेंटची करडी पूड न येता पांढुरकी, भुसभुशीत पूड आली तर भिंत ब्लॉकची. तिथे साधा प्लॅस्टिकचा प्लग वजनाने उपटतो. ब्लॉकसाठीचा खास प्लग किंवा केमिकल अँकर मागा, आणि बसवल्यावर यजमानांना पूर्ण भार टाकून लोंबकळायला लावा. व्हॅक्यूमने चिकटणारे दांडे घेऊच नका. बिल्डरचा कमोड १६ इंचांच्या आत असेल तर वर बसणारी उंच सीट मिळते, कमोड बदलायची गरज नाही. दाराला बाहेरून नाण्याने उघडणारी कडी बसवा.

स्वयंपाकघरात डिझायनर ओटा ३६ इंचांवर नेतोय. तुमची उंची ५ फूट १ इंच. अनवाणी उभ्या राहा, कोपर काटकोनात वाकवा, जमिनीपासून कोपरापर्यंत मोजा. साधारण ३८ येईल. चिरायला, कालवायला त्यापेक्षा पाच इंच खाली, म्हणजे ३३ बरे. शेगडी ओट्यावर ठेवली की कढईची कड आणखी पाच-सहा इंच वर जाते. ३६ च्या ओट्यावर तुम्ही खांदे उचलून भाजी परताल आणि दुखतंय ते वय झालं म्हणून, असं समजाल. पोळ्या लाटायला तर अंगाचा भार वरून पडावा लागतो. त्यासाठी ३०-३१ इंचांवर ओढून बाहेर येणारी फळी करून घ्या. तीवर सासूबाई खुर्चीत बसून भाजीही निवडू शकतील. पिठाचा डबा, कुकर, कढया गुडघा आणि खांदा यांच्या मधल्या पट्ट्यात. माळ्यावर दिवाळीचे साचे.

प्लायबद्दल थोडक्यात. सिंकखाली आयएस ७१० शिक्क्याचाच, म्हणजे पाण्याला टिकणारा मरीन प्लाय, आणि शिक्का कापण्याआधी पाहून घ्या. पार्टिकल बोर्ड पाण्याजवळ नको. एकदा फुगला की बसत नाही. बाथरूमला लागून असलेल्या भिंतीला वॉर्डरोब टेकवू नका. जागाच नसेल तर मागे इंचभर फट सोडा, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात शालींना कुबट वास. नव्या बोर्डातून आणि गोंदातून फॉर्माल्डिहाइड नावाचा वायू सुटतो, त्याने डोळे आणि घसा चुरचुरतो. काम संपल्यावर राहायला जाण्याआधी दोन-तीन आठवडे कपाटांची दारं आणि खिडक्या उघड्या ठेवा. तुमच्या मुलासाठी ही अट घर सजवण्यापेक्षा महत्त्वाची आहे. त्याच्यासाठी उघड्या शोभेच्या फळ्याही नकोत, कारण त्यांवर धूळ बसते आणि ती पुसणार तुम्हीच. गालिचा नको. त्याची कड सासूबाईंच्या पायात येते आणि आत धूळ साठते. पण सगळ्याच पृष्ठभागांना टाइल आणि काच ठेवली तर हॉल घुमेल. त्यावर पडदे आणि सोफ्यासमोर, चालण्याच्या वाटेबाहेर, एक सुती सतरंजी. खाली रबराची जाळी घाला म्हणजे सरकणार नाही, आणि गरम पाण्यात धुता येईल अशीच घ्या.

चकचकीत लॅमिनेट मात्र तुम्हाला आवडलंय तर एका ठिकाणी घ्याच, वॉर्डरोबच्या दाराला. ओट्याखालच्या ट्रॉल्यांना नको, तेलकट बोटं दिवसभर दिसतील. आणि तुम्हाला हवा असलेला तो गडद हिरवा रंग हॉलच्या एका भिंतीला जरूर द्या. कोणाच्याच आरामाच्या आड तो येत नाही.

ॲडव्हान्स आठ दिवसांनी द्यायचा हा डिझायनरचा मुहूर्त आहे. त्याला सांगा, सुधारित नकाशा आला की पैसे. त्यासोबत एक कागद द्या: सासूबाईंची बसण्याची उंची, तुमचं कोपर, टेबलाची जागा, चिकेची खुंटी, बटणांची यादी. फॉल्स सीलिंग आणि अर्धं टीव्ही युनिट गळल्यावर जे पैसे सुटतील ते बाथरूम, दिवे आणि चांगल्या गादीवर जातील. कोटेशन खोलीगणिक आणि वस्तूगणिक मागा, म्हणजे काय वगळलं तर किती कमी होतं ते कळेल. हप्ते कामाच्या टप्प्यांवर बांधा आणि निदान दहा टक्के सगळी दारं-खण नीट उघडमीट होईपर्यंत हातात ठेवा.

आणि नकाशात एक चौकोन स्वतः काढा. बाल्कनीच्या दाराशी, चिकेच्या आड, अडीच बाय अडीच फूट. तिथे तुमची खुर्ची, १६ इंचांची, कारण तुमचे गुडघे अजून ठणठणीत आहेत. शेजारी कप ठेवायला हातभर स्टूल, मागे एक दिवा, आणि त्याचं बटण बसल्या जागेवरून हात पोचेल इतकं जवळ.